आत की बाहेर?

वकिली हा प्रश्न विचारण्याचा धंदा आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आपणांस अगोदरच ठाऊक नाही तो प्रश्न उलटतपासणीत चुकूनही विचारू नये, हा आमच्या ज्येष्ठांनी आम्हांला शिकवलेला पहिला धडा. मी तो बव्हंशी पाळत आलो आहे. एकदाच मोडला, आणि त्या मोडण्याबद्दल मला शिक्षा तर झाली नाहीच, उलट चारचौघांत शाबासकी मिळाली. प्रश्न अगदी लहान होता: “डॉक्टर, औषध आत होते की बाहेर?”

गोष्ट २००९ सालची. मला सनद मिळून सहासात वर्षे झाली होती. म्हणजे कायदा थोडासा कळू लागला होता आणि स्वतःच्या हुशारीविषयी शंका यायला अजून अवकाश होता. हैदराबादेतल्या आम्हां मराठी लोकांची काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतली वस्ती जुनी. त्या बाजूलाच एका माडीवर एका वृद्ध दंतवैद्यांचा दवाखाना होता. गृहस्थ मूळचे कारवारकडचे. घरात कोकणी, रोग्यांशी मराठी, तेलुगू, दक्खनी उर्दू, जी पुढे येईल ती भाषा. मात्र खुर्चीवर बसलेल्याच्या तोंडात एकदा आरसा घातला की ते “दुखता?” एवढा एकच शब्द उच्चारीत, मग तो माणूस कोणत्याही मुलखातला असो. त्यांच्याविरुद्ध एका शिक्षिकाबाईंनी ग्राहक मंचाकडे तक्रार नेली, आणि त्या बाईंचे वकीलपत्र माझ्याकडे आले.

हकीकत सरळ होती. बाईंची वरची दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. डॉक्टरांनी हिरडीत बधिरीचे इंजेक्शन दिले; दहा मिनिटांनी दुसरे दिले; आणि चिमटा लावला. बाईंची किंकाळी खाली रस्त्यावरच्या पानवाल्याने ऐकली. दाढ अर्धवट हलून तशीच राहिली, बाईंना घेरी आली, आणि डॉक्टरांनी काम थांबवून गोळ्या लिहून दिल्या. आठ दिवसांनी तीच दाढ दुसऱ्या एका दवाखान्यात, एकाच इंजेक्शनात, मुळीच न दुखता निघाली. औषध तेच, दाढ तीच, जबडा तोच; बदलला तो फक्त हात. कायद्याच्या माणसाला याहून गोड पुरावा कोठे मिळणार? पहिल्या दवाखान्यातले औषध एक तर शिळे असेल, नाही तर पाणी घालून वाढवलेले असेल, नाही तर भलत्या जागी टोचलेले असेल, असा युक्तिवाद मी मांडला. मधल्या आठ दिवसांत बाईंनी त्याच डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या घेतल्या होत्या, ही गोष्ट माझ्या कागदपत्रांत होती. मला ती महत्त्वाची वाटली नाही.

डॉक्टरांची उलटतपासणी घेण्याची परवानगी मला मिळाली. ते म्हणाले, “तिथे पू झाला होता. पू असला म्हणजे औषध आत शिरत नाही.”

“सुई हिरडीच्या आत गेली होती ना?”

“गेली होती.”

“सुईतून औषध बाहेर पडले ना?”

“पडले.”

“मग औषध आत होते की बाहेर?”

ते क्षणभर थांबले. “आत होते,” असे म्हणून पुन्हा थांबले, आणि अगदी हळू आवाजात पुढे म्हणाले, “पण आत शिरले नव्हते.”

दालनात हशा पिकला. मी काही बोललो नाही. नुसता हातातला कागद खाली ठेवला आणि आजूबाजूला पाहिले. अशा वेळी वकिलाने बोलू नये, हेही ज्येष्ठांनीच शिकवलेले. डॉक्टरांनी पिशवीतून कसल्याशा पुस्तकाच्या एका पानाची छायाप्रत काढली आणि ती पुढे केली. एक प्रत माझ्याही हाती आली. मी तत्काळ आक्षेप घेतला: सुटे पान, पुस्तकाचा ठावठिकाणा नाही, तज्ज्ञाचे शपथपत्र नाही, दाखल करण्याची मुदत टळून गेलेली. आक्षेप मान्य झाला. निकाल आमच्या बाजूने लागला. फी परत, वर वीस हजार नुकसानभरपाई. डॉक्टरांनी अपील केले नाही. पुढे दोनेक वर्षांत माडीवरची पाटी उतरली, आणि काही काळाने ते कारवारकडे मुलीपाशी असताना वारल्याचे कानांवर आले.

यानंतर चौदा वर्षे या प्रकरणाची आठवण मला फक्त एकाच निमित्ताने येत असे. नव्या वकिलांना उलटतपासणीची मौज सांगताना मी हा किस्सा सांगत असे.

२०२३ च्या पावसाळ्यात माझी स्वतःची वरची दाढ बिघडली. दंतदुखीचे वर्णन करून मी वाचकांना त्रास देत नाही; ज्यांना झाली आहे त्यांना त्याची गरज नाही आणि ज्यांना झाली नाही त्यांना ते कळणार नाही. रात्रभर लवंग चावून सकाळी मी एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीवर जाऊन पडलो. त्यांनी इंजेक्शन दिले. गाल जड झाला, ओठ परका वाटू लागला. पण दाढेला हत्यार टेकताच मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. बाईंनी ताबडतोब हात आखडता घेतला आणि म्हणाल्या, “काका, आज नको. आत पू आहे. औषध आत शिरणार नाही.”

तेच वाक्य. शब्दसुद्धा बहुतेक तेच. मी तोंडात कापूस घेऊन पडलो होतो, त्यामुळे या खेपेस उलटप्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

त्यांनी साचलेला पू वाहून जाईल अशी वाट करून दिली, पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि घरी पाठवले. त्या पाच दिवसांत मी कोर्टात गेलो नाही. घरी बसून, एखाद्या नव्या खटल्याची तयारी करावी तसा, भूल आणि बधिरी यांच्या विषयात शिरलो. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेत तुटला. तरीपण पुरावा वाचण्याची सवय असते, तिच्या बळावर जे उमजले ते सांगतो.

वास्तविक या शास्त्राशी आमच्या हैदराबादचा संबंध जुना आहे. १८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणला, आणि लवकरच त्याच्या गुंगीत काही रोगी दगावू लागले. मृत्यू आधी हृदय बंद पडून येतो की श्वास बंद पडून, हा मोठा वाद झाला. निजामांच्या वैद्यकशाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे श्वासाच्या बाजूचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये येथे पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याच्या निकालावर विलायतेत टीका झाली, तेव्हा सहाव्या निजामांनी एक हजार पौंड देऊ करून ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाने आपला तज्ज्ञ पाठवावा असे सुचवले, आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य येथे आले. अफझलगंजच्या इस्पितळाभोवती हे सारे घडले. मूळ इस्पितळ १९०८ च्या मुसीच्या पुरात गेले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निकाल लॉरींच्या बाजूने लागला: श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको. पुढे १९११ साली लेव्ही नावाच्या संशोधकाने मांजरांवर प्रयोग करून दाखवले की, गुंगी हलकी असताना हृदय एकाएकी थरथरून बंद पडू शकते. एवढ्या थाटाच्या कमिशनचा निवाडा अपुरा ठरला. त्या मंडळींच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. शंका नसलेली माणसे होती ती, एवढेच म्हणतो. २००९ साली मीही तसाच होतो.

मात्र या कमिशनपुढे एक प्रश्न आलाच नव्हता: क्लोरोफॉर्म श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतो हे ठीक, पण पेशीच्या आत तो शिरतो कसा? पेशीला काही दार आहे काय? याचा शोध दहाच वर्षांत दोघांना, एकमेकांना नकळत, लागला. मारबुर्गच्या हान्स मेयरने १८९९ मध्ये आणि झुरिचच्या चार्ल्स ओव्हर्टनने १९०१ मध्ये तो जाहीर केला. दोघांचे साक्षीदार एकच: डबक्यातली बेडकांची शेपटीवाली पिल्ले. पाण्यात एकेक औषध थोडथोडे मिसळायचे आणि पिल्लू पोहायचे केव्हा थांबते ते पाहायचे. मग त्याला स्वच्छ पाण्यात सोडायचे, की ते पुन्हा शेपटी हलवू लागते. शेजारी दुसरा प्रयोग: तेच औषध ऑलिव्हचे तेल आणि पाणी यांच्या मिश्रणात घालून, त्यातले किती तेलाकडे जाते आणि किती पाण्यात राहते ते मोजायचे. जे औषध तेलाला अधिक लोभावले, त्याची तितकीच कमी मात्रा पिल्लाला पुरली. एकमेकांशी नातेगोते नसलेली द्रव्ये या एका नियमात ओळीने येऊन बसली. ओव्हर्टनने त्यावरून ताडले की, पेशीभोवतीचे पटल हे तेलाच्या जातीचे असले पाहिजे. जे तेलात विरघळते तेच त्यातून आत जाते.

ते पटल खरोखरच तसे आहे. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी. मेदाच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे. पाण्याला पसंत असलेली तोंडे बाहेरच्या बाजूंना आणि तेलकट शेपट्या मध्ये. हे दोन थर आहेत हे १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी सांगितले. त्यांनी तांबड्या रक्तपेशींतला सारा मेद काढून पाण्यावर एकेरी पसरला आणि मोजला, तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. गंमत अशी की, मेद सगळा निघालाच नव्हता, आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि उत्तर बरोबर आले. दोन्ही पक्षांच्या चुका सारख्या होऊन निकाल योग्य लागल्याची उदाहरणे मी कोर्टात पाहिली आहेत. शास्त्रात पाहून बरे वाटले.

क्लोरोफॉर्म किंवा ईथर यांना म्हणूनच दार लागत नाही. तेलकट शेपट्यांतून ती वाट काढतात, जशी ओल भिंतीतून उतरते. पटलात शिरून ती पुढे काय करतात, हा निराळा वाद. पुष्कळ वर्षे असे धरले जाई की, मेदात मुरणे हीच भूल. १९८४ साली लंडनच्या फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याच्या अंगातले, त्याला उजेड देणारे प्रथिन घेतले. त्यात मेदाचा लवलेश नाही. तरी भुलीच्या औषधांनी त्याचा उजेड मंदावला, आणि तोही जवळजवळ त्याच मात्रांत, ज्या मात्रांत प्राणी झोपतात. तेव्हापासून ओढा प्रथिनांकडे आहे. मेद ही ओसरी, माजघर पुढेच, असे म्हणावे. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

असो. माझा खटला दाढेचा होता, आणि दाढेच्या औषधाची गोष्ट याहून अधिक नाजूक आहे.

हे औषध लिग्नोकेन. लिडोकेन असेही त्याला म्हणतात. १९४३ साली स्टॉकहोमच्या नील्स लोफग्रेनने ते तयार केले, आणि बेंग्ट लुंडक्विस्ट या त्याच्या तरुण सहकाऱ्याने ते स्वतःच्याच अंगावर टोचून पाहिले. या औषधाच्या रेणूला दोन रूपे आहेत. भोवती आंबटपणा असला की तो हायड्रोजनचा एक भारित कण अंगावर घेतो आणि स्वतः विद्युतभारित होतो. तो कण टाकला की पुन्हा भाररहित. भारित रूप पाण्यात सुखाने विरघळते, पण तेलकट पटलापुढे त्याचे काही चालत नाही. भाररहित रूप पटलातून सहज पार होते. मला हे समजले ते आमच्या आजीच्या घरावरून. तिच्या स्वयंपाकघरात बाहेरच्या कपड्यांनी जाता येत नसे. आजोबा वकील, कोर्टातून आले की काळा कोट ओसरीवरच्या खुंटीला लावीत आणि मग उंबरठा ओलांडीत. लिग्नोकेनच्या रेणूलाही कोट काढल्यावाचून उंबरठा ओलांडता येत नाही.

कुपीतला द्रव मुद्दाम आंबट राखलेला असतो, नाही तर औषध पाण्यात टिकायचे नाही. म्हणजे कुपीत जवळजवळ सगळेच रेणू कोट घातलेले. हिरडीत ते टोचल्यावर शरीराचा स्वाभाविक किंचित अल्कधर्मी रस त्यांना भेटतो, आणि त्यांतले काही कोट उतरवतात. किती, याचा हिशेब ठरलेला आहे. निरोगी मांसात, म्हणजे पीएच ७.४ असताना, शंभरांतले सुमारे चोवीस. हे चोवीस आत जातात, त्यांच्या जागी आणखी काही कोट उतरवतात, आणि अशा रीतीने मज्जातंतूत पुरेसे औषध पोहोचते.

पण पू झाला की मांस आंबते. पीएच एका अंकाने, ६.४ वर, उतरला असे धरा. एक अंक म्हणजे आंबटपणा दसपट. मग शंभरांतले चोवीस नव्हे, फक्त तीन रेणू कोटावाचून राहतात. एखाद्याने कोट काढला रे काढला की कोणीतरी पुन्हा त्याच्या खांद्यावर टाकतो. औषध खरे, ताजे, भरपूर, आणि योग्य जागी टोचलेले; तरी ते सारे उंबरठ्याबाहेर ताटकळत उभे. हिरडीच्या आत, आणि मज्जातंतूच्या बाहेर.

आत होते, पण आत शिरले नव्हते.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटला. पटल ओलांडून आत गेलेला रेणू तिथे पुन्हा कोट चढवतो, आणि त्याचे खरे काम तो कोट घालूनच करतो. मज्जातंतूतून वेदनेचा निरोप धावतो तो सोडियमच्या भारित कणांना आत घेणाऱ्या प्रथिनांच्या नळ्यांमुळे. लिग्नोकेन त्या नळीला आतल्या अंगाने बूच लावते. हे १९७० मध्ये नाराहाशी, फ्रेझियर आणि यामादा यांनी माकूळ या समुद्रजीवाच्या जाड मज्जातंतूवर दाखवून दिले. आपले कोकणी वाचक ज्यांना माणक्यो म्हणतात, तेच हे. कधीच भार टाकू न शकणारी, म्हणजे कायमचा कोट शिवलेली, लिग्नोकेनची भावंडे त्यांनी घेतली. तंतूच्या बाहेर लावली, तर परिणाम नगण्य. आत घातली, तर तंतू बधिर. म्हणजे ज्या रूपात काम करायचे त्या रूपात आत जाता येत नाही, आणि ज्या रूपात आत जायचे त्या रूपाकडून मुख्य काम होत नाही. दोन्ही रूपे लागतात, आणि तीही योग्य जागी, योग्य क्रमाने.

येथे मी थांबलो असतो तर डॉक्टरांना निर्दोष सोडून स्वतःला दोषी ठरवणे सोपे झाले असते. पण पुरावा वाचायचा तर पुरता वाचावा. हा आंबटपणाचा हिशेब खरा असला तरी तो सगळी हकीकत सांगत नाही. खालच्या जबड्याच्या दाढेसाठी सुई बरीच मागे, सुजेपासून दूर, निरोगी मांसात टोचतात. तिथे आंबटपणा नसतो. तरीदेखील सुजलेल्या दाढेच्या बाबतीत ते इंजेक्शन पुष्कळदा फसते. त्याची कारणे निराळी सांगतात: सुजेने मज्जातंतूच अधिक तापट होतो, लिग्नोकेनला सहजी न जुमानणाऱ्या जातीच्या सोडियमच्या नळ्या तिथे वाढतात, शिवाय सुजेतला वाढलेला रक्तप्रवाह औषध लवकर वाहून नेतो. काही दंतवैद्य औषधात खाण्याच्या सोड्याचाच द्राव मिसळून कुपीतला आंबटपणा आधीच मारतात. त्याचाही गुण दर वेळी येतो असे नाही. आणि मुख्य म्हणजे, पू असताना औषध शिरत नाही हे जर डॉक्टरांना ठाऊक होते, तर त्यांनी त्या दिवशी चिमटा लावायलाच नको होता. माझ्या डॉक्टरीणबाईंनी लावला नाही. माझ्या अशिलाची किंकाळी खरी होती. तिला मिळालेले वीस हजार परत करावेत असे मला आजही वाटत नाही.

तेव्हा निकाल चुकला असे मी म्हणत नाही. निकाल कदाचित बरोबरच होता, गोर्टर आणि ग्रेंडेल यांच्यासारखा. पण तो मी ज्या वाटेने मिळवला ती वाट खोटी होती. औषध शिळे नव्हते. त्यात पाणी नव्हते. दुसऱ्या दवाखान्यात दाढ सुखाने निघाली त्याचे कारण दुसरा हात नव्हे, तर मधले आठ दिवस, आणि पहिल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या. सुजेला उतार पडला आणि औषध उंबरठा ओलांडू लागले. त्यांना आधी आठ दिवस थांबायला हवे होते, हा त्यांचा दोष. मी त्यांच्यावर लादला तो भेसळीचा. आणि साऱ्या प्रकरणात जे एक वाक्य शास्त्रशुद्ध होते, तेवढ्याच वाक्यावर मी दालन हसवले.

सहाव्या दिवशी माझी दाढ निघाली. इंजेक्शन दिल्यावर बाईंनी पाच मिनिटे थांबून विचारले, “काका, दुखतंय का?” मला क्षणभर दुसराच शब्द ऐकू आला. दुखत नव्हते.

त्या संध्याकाळी मी कचेरीत गेलो आणि २००९ ची फाईल शोधायला सांगितली. आमच्या कारकुनाने ती माळ्यावरून काढून, झटकून टेबलावर ठेवली. साक्षीची नक्कल वाचली. लिहिणाऱ्याने डॉक्टरांचे उत्तर इंग्रजीत आटोपते घेतले होते. ‘औषध आत होते हे साक्षीदार कबूल करतो’ एवढाच त्याचा अर्थ. त्यापुढचे वाक्य नोंदलेलेच नव्हते. हशा पिकल्यामुळे त्याला ते ऐकू गेले नसेल.

फाईलच्या शेवटी, मी आक्षेप घेऊन बाहेर ठेवलेल्या छायाप्रतीची मला मिळालेली प्रत होती. चौदा वर्षे ती माझ्याच कपाटात, माझ्याच माळ्यावर होती. तिची घडी मी उलगडलीही नव्हती. कागद घडीवर चिकटून बसला होता. इंग्रजी पुस्तकाचे पान, मधोमध एक कोष्टक. एका बाजूला पीएचचे आकडे, दुसऱ्या बाजूला भाररहित रेणूंचे शेकड्यातले प्रमाण. ७.४ पुढच्या आणि ६.४ पुढच्या अशा दोन ओळींखाली तांबड्या शाईची रेघ. समासात बारीक, कापऱ्या अक्षरात मराठीत लिहिले होते: ‘वकीलसाहेबांना हे दाखवणे.’